मल्लाप्पांची बिडी

दोन बांबूंच्या मधे गाडी मागे घेऊन लावायची, एवढीच काय ती लायसनची परीक्षा. आमचे हे कारखान्यात विमानांचे भाग जुळवतात, पण त्या बांबूंपुढे दोनदा नापास झाले. दुसऱ्या खेपेला तर बांबू मोडूनच आले. घरी आल्या आल्या म्हणाले, "गाडी विकून टाकतो."

"मला शिकू द्या ना," मी म्हटलं.

"तू? बरं. पण एकदाच. नापास झालीस तर गाडी जाणार, मग रुसायचं नाही."

साल एकसष्ट. लग्न होऊन सांगलीहून बंगळूरला आल्याला मला आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत मी घराबाहेर पडले ती ह्यांच्या सवडीने. तिथली ती नावाजलेली बाग, लालबाग, तर अजून बघायचीच होती, ह्यांना रजा मिळाली की जाऊ म्हणून. ती जुनी मॉरिस गाडी मला हवी होती, अगदी जीव तुटेपर्यंत हवी होती.

शिकवायला कारखान्यातले म्हातारे ड्रायव्हर मल्लाप्पा आले. त्यांना मराठी येत नव्हतं, आणि माझं कानडी भाजीवालीपुरतं: स्वल्प म्हणजे थोडं, साकु म्हणजे पुरे, की संपलं. पुढे जाणं चार दिवसांत जमलं. मागे घ्यायची म्हटली की मात्र भीतीने माझा डावा पाय क्लचवर असा घट्ट बसायचा की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मग मल्लाप्पा म्हणायचे, "अक्का, बिडी, बिडी!"

काय हा माणूस! बाईमाणसाकडे विडी मागतो, तीही ऐन शिकवताना! दोन दिवस मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी ते ओरडलेच. म्हटलं, अडला हरी! डोक्यावरून पदर घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून विड्यांचं बंडल आणलं आणि दुसऱ्या दिवशी फाटकातच त्यांच्या हातात ठेवलं.

मल्लाप्पा बंडल उलटसुलट करून बघत राहिले. कुंपणापलीकडे आमची निपाणीकडची शेजारीण गंगव्वा कपडे वाळत घालत होती. बंडल का आणलं ते मी सांगितल्यावर ती हसून हसून खालीच बसली.

"अगं बाई, कानडीत बिडी म्हंजे सोडा! पाय सोडा म्हणत्यात ते! विडीला जन्मात शिवल्यालं न्हाईत!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गंगव्वाने कानडीत समजावल्यावर मल्लाप्पाही डोळे पुसेपर्यंत हसले. बंडल मात्र त्यांनी जपून खिशात ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षा घेणारे साहेब माझ्या शेजारी बसले. बाहेरच्यांनी एक अक्षर बोलायचं नाही, अशी त्यांनी ताकीद दिली. हे झाडाखाली डोळे मिटून उभे. मी रिव्हर्स टाकला आणि पाय पुन्हा क्लचवर घट्ट बसला. इंजिन बोंबलू लागलं. साहेबांनी पेन्सिल काढली. गेली गाडी, मला वाटलं.

तेवढ्यात मैदानाच्या कडेला उभ्या मल्लाप्पांनी खिशात हात घातला, एक विडी काढली आणि डोक्याच्या वर उंच धरली.

मला हसू फुटलं. हसता हसता पाय सैल झाला, गाडी हळूच मागे सरकली, वळली, आणि दोन्ही बांबूंच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"का हसलात?" पास लिहिता लिहिता साहेबांनी विचारलं.

साहेब उतरले तसे हे धावत आले, माझ्या शेजारी बसले आणि सवयीने म्हणाले, "चल, घरी जाऊ."

"आधी लालबाग," मी म्हटलं आणि आरशात पाहिलं. मागे मल्लाप्पा ऐटीत बसले होते, ती विडी कानावर खोचून.