भोकांच्या कुंडीची घालमेल

मी एक जुनी मातीची कुंडी आहे आणि मला शांत बसता येत नाही. तुम्ही म्हणाल, मित्रांनो, कुंडी बसून राहण्याशिवाय दुसरं करते तरी काय? अहो, बाहेरून बसलेली असते. आतून जीव सारखा वरखाली होत असतो.

कुंभाराने मला चाकावरून उतरवलं आणि ओली असतानाच माझ्या अंगाला चौदा भोकं पाडली. रोपवाटिकेत गिऱ्हाईक मला उचलायचं, उजेडात धरायचं आणि "ही फुटकी दिसते" म्हणून परत ठेवायचं. दीड वर्ष हेच चाललं.

मग एके दिवशी घड्याळजी आले. डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करता करता त्यांची मान कायमची तिरकी झाली होती. त्यांनी माझ्या एकेका भोकात करंगळी घालून बघितली आणि म्हणाले, "हीच पाहिजे. ऑर्किडच्या मुळांना हवा लागते." माझी भोकं बघून कुणी खूश झालं, असं पहिल्यांदाच घडलं. मला अगदी भरून आलं.

त्यांनी माझ्यात कोळसा आणि विटांचे तुकडे भरले, वर बोटाएवढं रोप बसवलं आणि मला गॅलरीत टांगलं. हा छंद भलत्याच चिकाटीचा. एक पान यायला चार-चार महिने! मी आपली उतावीळ, आज येईल, उद्या येईल. ते मात्र मला तळहातावर घेऊन वजन बघत. हलकी लागले तरच पाणी, आणि ते भोकांतून ठिबकून गेलं की स्वारी खूश. अशी सहा वर्षं गेली, फुलाचा पत्ता नाही. शेजारी विचारत, "काय हो, ही भाजी कधी तोडणार?" घड्याळजी हसत. पण त्यांची नजर अंधूक होत चालली होती. हल्ली करंगळी भोकात न जाता बाजूलाच आपटायची.

सातव्या वर्षी पानांच्या बेचक्यातून हिरवा दांडा निघाला. कळ्यांचा! त्याच आठवड्यात डॉक्टरांनी डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख दिली. एरवी टाळाटाळ करणारे घड्याळजी लगेच हो म्हणाले. पहिलं फूल त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

ऑपरेशननंतर ते महिनाभर लेकीकडे राहणार होते. म्हणून मला खालच्या मजल्यावर, धाकट्या भावाकडे सोपवलं. धाकट्यांचा धंदा नळदुरुस्तीचा.

"आठवड्यातून दोनदा पाणी घाल," घड्याळजींनी बजावलं, "आणि गळतंय का ते बघ."

"दादा, हे तू मला सांगतोस?" धाकटे म्हणाले.

मित्रांनो, इथेच घात झाला. घड्याळजींना म्हणायचं होतं, पाणी नीट निथळतंय ना ते बघ. पण धाकट्यांनी तीस वर्षं ते वाक्य एकाच अर्थाने ऐकलं होतं.

त्यांनी पाणी घातलं आणि चौदाही भोकांतून धारा लागल्या. "अरे बापरे! पार चाळण झालीय. दादाला बिचाऱ्याला दिसलंच नसेल." ते मांडी घालून बसले आणि व्हाइट सिमेंटने एकेक भोक बुजवलं. वर अंगठ्याने गुळगुळीतही केलं, अगदी मायेने. नको, नको, असं मी जीव तोडून ओरडत होते. मातीचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

पाणी आत साचलं. मुळं कुजू लागली. माझ्या अंगावरची त्यांची पकड एकेक करून सैल होताना मला कळत होती. पानं सुरकुतली, तेव्हा धाकट्यांची बायको म्हणाली, "अहो, तहानलंय वाटतं ते." मग रोज पाणी सुरू झालं. मी आतल्या आत नुसती तडफडत राहिले.

महिन्याने घड्याळजी काळा चष्मा लावून आले. मला उचलताच थबकले. "एवढी जड कशी?"

"सगळी गळती बंद केली, दादा. आता थेंब पडत नाही."

घड्याळजींचा अंगठा सिमेंटवरून फिरला. ते खाली बसले. "अरे, ती तिची नाकं होती रे."

धाकट्यांचा चेहरा पडला. "मग आता?"

"दोन-चार मुळं हाताला जिवंत लागतायत, पण कुंडीला चिकटलीत. ओढली तर तुटतील. कुंडी फोडावी लागेल. तूच फोड. मला अजून नीट दिसत नाही."

धाकट्यांनी पाना उचलला, पण हात खाली येईना. जन्मभर शंभर गोष्टींसाठी तळमळले मी. त्या क्षणी एकच वाटत होतं, मार एकदाचा!

तिसऱ्या टोल्याला मी उकलले. आत हवा आली. दांडा काळा पडला होता. तो घड्याळजींनी चाचपत स्वतः कापला आणि बराच वेळ मुठीत धरून ठेवला.

आता मी लाकडी टोपलीत नऊ तुकडे होऊन राहते, मुळं अंगाला धरून. दोन नवी पानं आली आहेत. फूल येईल की नाही, ठाऊक नाही. घड्याळजींना आता स्वच्छ दिसतं, म्हणून माझी घाई आणखीच वाढली आहे.

मित्रांनो, कुणाला जीव लावाल तर आधी त्याला काय हवंय ते बघा, मग हात लावा. धाकटे रोज कामावर जाण्याआधी जिना चढून येतात. कोळशात बोट खुपसून बघतात, ओल लागली की पाण्याचा तांब्या तसाच भरलेला घेऊन खाली जातात. आजवर माझी इतकी काळजी कुणी घेतली नव्हती.