पूजेचं उपरणं आणि माझी साखळी

आधी चार पावलं मागे सरा, मित्रांनो, मग बोलू! मी एक जुनी, साखळीची करवत. आता गंजले आहे, पोटात पेट्रोलचा थेंबही नाही, तरी कुणी फार जवळ आलं की मी आधी हेच बजावते. का, ते ऐका.

स्वातंत्र्यानंतर मध्यभारत राज्य नवं नवं होतं, तेव्हा लाकडी पेटीत गवतावर झोपून मी इंदूरला आले. पोलोग्राउंडवर दत्तोपंतांची लाकडाची वखार होती. पेटी उघडली आणि दहा डोकी माझ्यावर वाकली. मलाही त्यांच्याबद्दल तेवढंच कुतूहल! ही माणसं सकाळी सकाळी इतकी तिखट शेव का खातात? कामाआधी मला नमस्कार का करतात?

मला चालवायचे बाळकृष्ण मिस्त्री. माझ्यासोबत आलेलं माहितीपुस्तक दत्तोपंतांनी वाचून दाखवलं आणि मिस्त्रींनी ते मनावर घेतलं. दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, पाय रोवून उभं राहायचं, खांद्याच्या वर उचलायचं नाही, साखळी थांबल्याशिवाय जागचं हलायचं नाही. शेवटच्या पानावर मात्र नाकतोंड बांधलेल्या माणसाचं चित्र होतं.

"हे तर सर्दीवाल्यांसाठी आहे, भिया!" दत्तोपंत इंदुरी ढंगात म्हणाले आणि ते पान फाडून त्यावर शेव घेऊन बसले.

सिमरोलच्या जंगलाकडून सागाचे ओंडके यायचे. मी ते कापायची आणि पिठासारखा भुसा मिस्त्रींच्या नाकातोंडात उडवायची. ते खोकायचे. मला वाटायचं, ही माणसांची सवयच असेल. किती मठ्ठ होते मी!

मिस्त्रींचा गळा गोड. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची, तेव्हा वखारीची आरती तेच म्हणत. त्या वर्षी मला हळदकुंकू लावलं, अंगावर नवंकोरं उपरणं घातलं. आरती सुरू झाली आणि दुसऱ्याच कडव्याला मिस्त्रींना खोकल्याची अशी ढास लागली, की थांबेचना. आरती इतरांनी कशीबशी पुरी केली. मिस्त्री कोपऱ्यात मान खाली घालून बसले. मला फार वाईट वाटलं.

त्यांच्या पत्नी भानुमतीबाई प्रसादासाठी कागद शोधत होत्या. तेच तेलकट पान त्यांच्या हाती लागलं. त्या बराच वेळ चित्र बघत राहिल्या.

"अहो, याला सर्दी कुठंय? याच्या पायाशी भुशाचा ढीग बघा की! द्या ते उपरणं, पट्टी शिवून देते."

"पूजेच्या कापडाला कात्री? काय बात करतेस!" मिस्त्री म्हणाले.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. मिस्त्रींनी ते अख्खं उपरणं नाकातोंडाला गुंडाळलं. दोन्ही टोकं छातीवर लोंबत होती. मला ती दिसत होती, पण बोलता कुठं येतं मला! मी ओंडक्यात शिरले, वाऱ्यावर एक टोक उडालं आणि माझ्या साखळीने गपकन ओढलं. मिस्त्रींची मान खाली येऊ लागली.

"सोडा! अहो, खटका सोडा!" डबा घेऊन आलेल्या भानुमतीबाई ओरडल्या.

मिस्त्रींचं बोट खटक्यावरून सुटलं. मी थांबले. त्यांचा गळा आणि माझे दात यांत जेमतेम एक वीत अंतर होतं.

भानुमतीबाईंनी कात्री मागितली आणि उपरणं कराकरा कापलं. "देव रागावलाच तर माझ्यावर रागावू दे. मला तुम्ही हवे आहात," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

त्या कापडाच्या दुहेरी पट्ट्या झाल्या. नाड्या मानेमागे बांधून सदऱ्यात खोचलेल्या. पट्टी रोज घरी धुतली जायची. मिस्त्री वारा पाठीशी घेऊन उभे राहू लागले. खोकला थांबायला पुढचा पावसाळा उजाडला, पण थांबला. त्या खंडेनवमीला त्यांनी सगळी कडवी म्हटली. मी एकेक मोजलं!

आता मी वखारीच्या कोनाड्यात आहे. त्यातली एक पट्टी माझ्या मुठीला अडकवलेली आहे. दर खंडेनवमीला नवे कामगार तिलाही हळदकुंकू लावतात, हात जोडतात, आणि उघड्या नाकाने नव्या यंत्राकडे जातात. मग त्यांचा खोकला मला इथवर ऐकू येतो. ती सवय नव्हे, हे आता मला कळतं.

मित्रांनो, मला हात नका जोडू. त्याच हातांनी ती पट्टी काढा, स्वच्छ धुवा आणि नाकावर बांधा.