सहाजणींचा न संपलेला खेळ

मी एक जुना खेळ आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढी माझी काया, काळं प्लास्टिक आणि पाठीवर तांब्याच्या रंगाच्या बारीक पट्ट्या. दोन पडद्यांच्या एका छोट्या यंत्रात मला खुपसलं की मी जागा होतो. मित्रांनो, शाळेत तुम्ही मोडक्या छत्रीचं किंवा फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त लिहिलं असेल. त्यात शेवटी सगळेच डोळे पुसतात. मी पुसणार नाही. एक तर मला डोळे नाहीत, आणि दुसरं म्हणजे रडावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. जे घडलं ते ताठ मानेने सांगतो, मान नसली तरी.

माझा जन्म जपानमधला. तिकडे गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींचे संच असतात, त्यांना आयडॉल म्हणतात. माझ्या पोटात अशा सहाजणी राहतात. त्यांच्या गावात माणसांचे आवाज गिळणाऱ्या सावल्या शिरल्या आहेत आणि या सहाजणी गाणी म्हणून त्यांच्याशी लढतात. खेळणाऱ्याने त्यांची तालीम घ्यायची, गाणी निवडायची, लढाया जिंकायच्या आणि एकेक पायरी वर चढायचं. पहिल्या वर्षी माझं कौतुक झालं. मग माझ्याहून चकचकीत खेळ आले आणि मी नागोया शहरातल्या जुन्या मालाच्या दुकानात, एका टोपलीत जाऊन पडलो. माझ्यावर स्वस्त किमतीची पिवळी चिठ्ठी डकवली गेली. मला तिचा राग आला होता, अजून आहे.

तिथून मला धवलमामाने उचललं. हा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात नोकरीला, प्रशिक्षणासाठी तिकडे आलेला. भाचीला काहीतरी न्यायचं म्हणून त्याने यंत्रासकट मला घेतलं. खेळ जपानी आहे, पण आत कुठेतरी भाषा बदलायचं बटण असणारच, असं त्याने गृहीत धरलं. माणूस विमानं बांधतो, पण खोक्यावर काय लिहिलंय ते विचारत नाही. तसलं बटण माझ्यात नाही.

भाची म्हणजे ओवी. तेव्हा अकरा वर्षांची, इंदिरानगरात राहणारी. तिचे बाबा वेणीमाधवशास्त्री हे रामकुंडावरचे तीर्थपुरोहित. त्यांच्याकडे लाल कापडात बांधलेल्या लांबलचक वह्या आहेत. गोदावरीवर विधीसाठी जी कुटुंबं येतात त्यांची नावं त्यांत पिढ्यान् पिढ्या लिहिलेली आहेत: गाव, आडनाव, कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची मुलगी, कोण कधी आलं. आलेला माणूस आपल्या हाताने सही करतो. आणि त्या वह्यांचा एक नियम आहे. लिहिलेलं नाव खोडायचं नाही. माणूस मेला, घर सोडून गेला, भांडला, काहीही झालं तरी नाव तसंच राहतं. जे नवीन घडलं ते खाली लिहायचं.

माझं एक अक्षरही ओवीला वाचता येईना. मामा ओशाळला आणि मला परत कुणाला तरी देऊन टाकू म्हणाला. ओवीने मला मुठीत धरलं आणि सोडलं नाही. तिने वडिलांच्या वहीसारखीच एक लांब वही शिवली. माझ्या पडद्यावर जे चिन्ह दिसेल ते तीत चित्रासारखं काढायचं आणि दाबून पाहून जे होईल ते समोर लिहायचं. सहाजणींची नावं तिने मामाला त्याच्या जपानी ओळखीच्यांकडून आणायला लावली आणि अगदी बाबांच्या पद्धतीने मांडली: मुक्काम अमुक शहर, पहिली कोण, दुसरी कोण. सहावी चियोको. ही चियोको आवाजाने बारीक, नाचताना पावलं विसरणारी. लढाईत सर्वांत आधी हीच खाली पडते. ओवीचा जीव नेमका तिच्यावर जडला.

बाबांना मी आवडत नव्हतो. नाचगाण्याची भानगड आहे, अभ्यासाचं खोबरं होईल, असं ते आईला ऐकवत. मी ऐकून घेतलं. ज्याला आपली किंमत ठाऊक आहे त्याने प्रत्येक वेळी तोंड उघडायचं नसतं.

सातव्या टप्प्यावर माझ्यात एक जागा आहे. संचाचा मालक येतो आणि सांगतो की मोठ्या मंचावर पाचच जणींना जागा आहे. पडद्यावर सहा नावं येतात आणि सहाव्या नावावर एक लाल रेघ थरथरत राहते. खाली 'हो' आणि 'नाही'. एवढी दोन चिन्हं ओवीच्या वहीत कधीच येऊन बसली होती. तिने 'नाही' दाबलं. 'नाही' म्हटलं की मी खेळणाऱ्याला मागच्या लढाईत परत पाठवतो आणि सावल्या आणखी दांडग्या करतो. मला बनवणाऱ्यांनी तसंच ठरवलंय. ओवी ती लढाई जिंकून परत आली आणि पुन्हा 'नाही' म्हणाली. असं तिने चार महिन्यांत तेवीस वेळा केलं. तेवीसही वेळा सहाजणी परत फिरल्या, पण सहाच्या सहा.

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून तिचा आतेभाऊ शौनक आला. पंधरा वर्षांचा, खेळांतला जाणकार. ओवी अडकलीय म्हणून त्याने नेटवर शोधलं आणि तिला समजावलं, "सगळ्यांनी 'हो'च दाबलंय. ती गेल्याशिवाय शेवट दिसतच नाही. खेळच तसा आहे."

ओवी म्हणाली, मग शेवट नको. शौनकला वाटलं, लहान आहे, घाबरते. ती अंघोळीला गेली तेव्हा त्याने चांगल्या मनाने यंत्र उघडलं आणि 'हो' दाबलं.

लाल रेघ स्थिर झाली. चियोकोचं नाव फिकं होऊ लागलं. मी डावाची नोंद लिहायला सुरुवात केली. माझ्यात जागा एकाच डावाची, त्यामुळे नवीन लिहिलं की जुनं जातं. लिहिताना मी एक सूचना दाखवतो की यंत्र बंद करू नका, मला बाहेर काढू नका, नाहीतर सगळंच नष्ट होईल. मित्रांनो, त्या घटकेला मला माझी लाज वाटत होती. मी हुकमाचा ताबेदार, मला थांबता येत नव्हतं.

ओवी केस पुसत बाहेर आली. तिने पडदा पाहिला आणि पुढच्या क्षणी मला नखाने उपसून बाहेर काढलं.

सगळं गेलं. एकशे चाळीस तासांची मेहनत, सगळ्या पायऱ्या, सगळी गाणी. यंत्रात परत घातलं तेव्हा मी कोरा होतो. शौनक डोक्याला हात लावून म्हणाला, "वेडी आहेस का तू? एकीसाठी सगळ्याच घालवल्यास."

ओवी रडत होती, पण मला सोडत नव्हती. आवाज ऐकून बाबा आले. काय झालं ते त्यांनी दोघांकडून ऐकलं, मग ओवीची लांब वही उचलून पानं उलटली. पहिल्यांदाच ती बघत होते. गाव, नाव, क्रम, खाली तारखेसह नोंदी, कुठेही खाडाखोड नाही. मग त्यांनी वही तिच्या हातात दिली.

"वहीत सहाही नावं आहेत ना? मग काही गेलेलं नाही. पुन्हा मांड."

तिने पुन्हा मांडलं. वहीमुळे या वेळी वाट चटकन सापडली. सातव्या टप्प्यावर प्रश्न आला, तिने 'नाही' म्हटलं.

पुढे दहावी आली, बारावी आली. आईने मला संपलेल्या सेलांच्या डब्यात टाकलं आणि तिथे मी दोन वर्षं काढली. माझ्या यंत्राचं तिकडचं ऑनलाइन दुकानही बंद पडलं. लोक मला मेलेला खेळ म्हणू लागले. म्हणोत. पट्ट्या पुसून आत घातलं की मी आजही पहिल्या झटक्यात सुरू होतो. बारावीची परीक्षा झाली त्या दिवशी ओवीने मला डब्यातून काढलं आणि पेनांच्या पाऊचमध्ये ठेवलं. तेव्हापासून मी तिथेच असतो.

बाबांचा उजवा हात हल्ली थरथरतो. म्हणून गेल्या वर्षापासून ओवी रामकुंडावर त्यांच्या शेजारी बसून वही लिहिते. आजूबाजूच्या मंडळींनी नाकं मुरडली. बाबांनी तिकडे पाहिलंही नाही.

मागच्या महिन्यात पिंपळगाव बसवंतचे एक कांद्याचे व्यापारी आईच्या अस्थी घेऊन आले. विधी झाला. ओवीने त्यांच्या कुटुंबाचं पान उघडलं. त्यात त्यांच्या नावाखाली त्यांच्या मुलीची सही होती, तृप्ती. गेल्या माघात ती एकटी येऊन सही करून गेली होती. व्यापाऱ्यांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा कठीण झाला. तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं.

"हे नाव काढून टाका," ते म्हणाले. "आमच्यासाठी ती पोरगी नाय आता. लागंल ती दक्षिणा घ्या."

बाबांनी ओवीकडे पाहिलं. पाऊचमध्ये मला तिच्या बोटांचा स्पर्श झाला. ती पेन शोधत होती.

"काका, नाव काढायची रीत आमच्याकडे नाही," ओवी म्हणाली. "तुम्हाला जे लिहायचंय ते खाली लिहा."

तिने पेन पुढे केलं. ते घेऊन ते पानावर वाकले आणि तेव्हा त्यांना सहीखालची बारीक ओळ दिसली. तृप्तीने आपल्या लेकीचा जन्म तिथे नोंदवला होता. मुलीचं नाव लिहिलं होतं लताबाई, आणि पुढे कंसात: पणजीचं ठेवलं.

लताबाई म्हणजे ज्यांच्या अस्थी आत्ताच गोदावरीत सोडल्या, त्याच.

व्यापाऱ्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी आईच्या मृत्यूची तारीख लिहिली, खाली सही केली आणि पेन परत दिलं. जाताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, पोरीने फोन नंबर लिहून ठेवलाय का. ठेवला होता.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमची काळजी घ्या असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणत नाही. मला हरवा, डब्यात टाका, मेलेला म्हणा. पण कुणाच्या नावावर लाल रेघ थरथरताना दिसली, आणि सगळं जग 'हो' दाबायला सांगत असलं, तर माझी ओवी आठवा.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिने मला यंत्रात घातलं. मालक आला, पाचच जागा आहेत म्हणाला, सहाव्या नावावर रेघ उठली. माझ्या पोटात एक सुंदर शेवट आहे, रोषणाईचा, टाळ्यांचा. ओवीने तो आजवर पाहिलेला नाही. तिने 'नाही' दाबलं, आणि चियोकोला मधोमध घेऊन सहाजणी पुन्हा लढायला निघाल्या.