तिसरा मजला, लिफ्ट नाही

आप्पांचं आणि दलालांचं कधी जमलं नाही. वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहण्यात जन्म गेला, आणि घाम एकाचा नि गल्ला दुसऱ्याचा हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलं. त्यामुळे कामोठ्याचा फ्लॅट विकायचं ठरल्यावर त्यांनी स्वतःच मोबाइलवर फोटो काढून जाहिरात टाकली. "आपलंच घर दाखवायला दलाल कशाला पायजे?" ते बायकोला म्हणाले.

प्रेमलाबाईंना दलालाचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना फक्त खाली उतरायचं होतं. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. दिवाळीच्या आधी जिन्यात गुडघ्यानं दगा दिला, त्या पडल्या, आणि तेव्हापासून अशी धास्ती बसली की पहिली पायरी दिसली तरी त्या मागे फिरत. उलव्याला लेकीच्या, तेजश्रीच्या, सोसायटीत तळमजल्याचं एक घर मिळत होतं. पण ते घ्यायचं तर आधी हे विकायला हवं. तोवर लेकीकडे चल म्हटलं की बाई फणकारत, "घर विकल्याबिगर मी कुठं जात नाय."

गिऱ्हाइकं तशी बरीच आली. दारी आलेला माणूस तोंडात काही न घालता परत पाठवायचा, हे साताऱ्याकडच्या बाईला कसं जमावं? प्रत्येकाला कांदेपोहे मिळत. खाता खाता गिऱ्हाईक सहज विचारी, "घर का विकताय?" आणि आप्पा सरळ बायकोकडे बोट दाखवून सांगत, "हिला जिना उतरवत नाय."

झालं! घास हातातच राही. तिशीतली धट्टीकट्टी माणसं प्रेमलाबाईंच्या गुडघ्यांकडे बघत, आणि त्यांना तिथे आपलंच म्हातारपण दिसे. मग मुलगी बघून जाणाऱ्या मंडळींसारखी "कळवतो" म्हणत चपला घालत. कळवत मात्र कोणीच नसे.

शेवटी आप्पांनी नाक मुठीत धरून एजंट गाठली. मंजुषा नावाची, बोलायला फटकळ पण कामाला चोख.

"आप्पा, घर झकास आहे," ती म्हणाली. "घरात तुमी दोघं असता, हाच प्रॉब्लेम आहे. मी माणसं आणीन तेव्हा समोर संध्याताईंकडे बसायचं. पोहे बंद. आणि का विकताय विचारलं तर मी सांगेन, मुलीजवळ राहायला जातायत. खरंच आहे ना ते?"

"हाय तर खरंच," आप्पा म्हणाले. खऱ्याचेही इतके प्रकार असतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिल्याच रविवारी जैनब नावाची, पनवेलला बँकेत काम करणारी मुलगी आली. आप्पा आणि प्रेमलाबाई समोरच्या संध्याताईंच्या घरात, किलकिल्या दाराआड बसले होते. जैनबनं भराभर खोल्या पाहिल्या, खिडक्या उघडून पाहिल्या. "आवडलं मला. टोकनचे पैसे आजच देते," ती म्हणाली. आप्पांनी मनातल्या मनात खंडोबाला हात जोडले.

तेवढ्यात जिन्यातून धाप ऐकू आली. एक पाऊल, मग थांबणं, मग पुन्हा एक पाऊल. जैनबची आई मागून चढत होती.

"अजून किती वर हाय गं?" म्हातारीनं विचारलं.

"आलंच, काकी," मंजुषा म्हणाली. "राहायला आलात की सवय होईल."

प्रेमलाबाई उठल्या. आप्पांनी त्यांचं मनगट धरलं. "बस की. टोकन देतीय ती," ते कुजबुजले. आप्पांना रागही आला आणि भीतीही वाटली. हे गिऱ्हाईक गेलं तर ही बाई या मजल्यावरच संपेल.

"ऐकलं मी," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि आप्पांच्या डोळ्यांत बघत राहिल्या. आप्पांनी हात सोडला.

प्रेमलाबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. "पोरी, आईला हितं आणू नको," त्या म्हणाल्या. "मी हितं अडकलेय. दिवाळीपास्नं रस्ता बघितला नाय मी."

मंजुषानं कपाळावर हात मारला. जैनब कधी आईकडे, कधी प्रेमलाबाईंकडे बघत राहिली. मग तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली.

म्हातारी खुर्चीवर टेकली, पाणी प्याली आणि जिन्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. "आता उतरू कशी?"

एका बाजूनं जैनबनं धरलं. दुसरा हात म्हातारीनं चाचपडत पुढे केला, आणि प्रेमलाबाईंनी तो घेतला. "खाली नका बघू. कठड्याकडं बघा. आता डावा पाय," त्या दटावत होत्या. दोन पायऱ्या गेल्यावर आप्पांच्या लक्षात आलं, की आपली बायको जिन्यात आहे. हाक ओठांवर आली होती. ती त्यांनी गिळली आणि अनवाणीच मागोमाग उतरू लागले. प्रत्येक मजल्यावर दोघी टेकत, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत आणि पुन्हा निघत.

खाली म्हातारीला गाडीत बसवलं. प्रेमलाबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. रस्त्यावरून भाजीची गाडी गेली, ती त्यांनी दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"चल, आता सावकाश वर जाऊ," आप्पा म्हणाले.

"मी नाय चढत."

"मग?"

"लेकीकडं जाऊ. उलव्याची रिक्षा थांबवा. घर विकेल तवा विकेल. मी काय त्याच्यासंगं द्यायची वस्तू हाय?"

एवढं साधं उत्तर, आणि ते बाईंच्या तोंडून यायला इतके दिवस लागले. आप्पांनी रिक्षाला हात केला. मंजुषा तोंड पाडून जिना उतरत होती. आप्पांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"तुझ्याकडंच ठेव. कुलूप तेवढं लाव जाऊन," ते म्हणाले. "आणि घाई करू नको. आता काय घाई नाय."

प्रेमलाबाई रिक्षात आत सरकल्या आणि आप्पांना बसायला जागा झाली.