कळ ओसरल्यावर

स्वारगेटच्या मागच्या गल्लीतल्या त्या प्रसूतिगृहात मंदाकिनीबाईंचा शब्द डॉक्टरांच्याही वर चालायचा. सव्वीस वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर माणसाला एवढा तोरा शोभतो. गर्भाचे ठोके ऐकायला त्यांना पुरत असे एक लाकडी नळी. एक टोक पोटावर, दुसऱ्या टोकाला कान, नजर घड्याळावर. त्र्याऐंशी साली डॉक्टर शरच्चंद्रांनी ठोके कागदावर उमटवणारं यंत्र आणलं, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "बरं केलंत. वर फुलदाणी ठेवता येईल."

बाईंची एक पद्धत होती. कळ चालू असताना त्या नळी लावायच्या नाहीत. आधीच जीव कासावीस झालेला, त्यात वरून पोट कशाला दाबायचं? कळ ओसरली की पोरीचा घाम पुसायचा, घोटभर पाणी द्यायचं, पाठ चोळायची, आणि ती सावरली की मग ठोके मोजायचे. अडलेल्या बायका त्यांचा हात सोडायच्या नाहीत, यात नवल ते काय!

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून त्यांची लेक हेमा मांजरीहून आली. आठवा सरता सरता डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बाळ लहान वाटतंय. वार त्याला नीट पोसत नसावी. कळा सुरू झाल्या की यंत्र लावायचं."

कळा सुरू झाल्या पहाटे. डॉक्टर दुसरीकडे शस्त्रक्रियेत अडकलेले. त्यांनी फोनवर पुन्हा बजावलं. बाईंनी यंत्राचे पट्टे हेमाच्या पोटावर बांधलेही. पण तासाभरात हेमा रडकुंडीला आली. "आई, हे काढ ना. मला कुशीवर होऊ दे."

बाईंनी पट्टे सोडले. एवढ्या परक्या बायकांसाठी चालणारे कान पोटच्या पोरीसाठी चालणार नाहीत? दर पाव तासाने त्या ऐकत होत्या, लिहीत होत्या. एकशे चाळीस. एकशे अडतीस. एकशे बेचाळीस. घड्याळही इतकं इमानाने चालत नाही, असं त्या लेकीला म्हणाल्या आणि ती हसली.

अकराला डॉक्टर आले, तेव्हाच पाणी फुटलं. पाणी हिरवं होतं, बाळाला आत त्रास होत असल्याची खूण. त्यांनी लगेच पट्टे बांधले. कागद सरकू लागला. कळ आली, रेघ सरळ राहिली. कळ ओसरायला लागली आणि रेघ खाली उतरली, नव्वदपर्यंत. मग हळूहळू चढून पुन्हा एकशे चाळीसवर आली. पुढच्या कळेनंतर तसंच. त्याच्या पुढच्या कळेनंतरही तसंच.

मंदाकिनीबाईंनी आपला कागद पाहिला. सगळे आकडे बरोबर होते. रेघ वर आल्यानंतरचे.

पोट उघडून मुलगा काढला. पांढराफटक, लोळागोळा. दिवेलागणीपर्यंत राहिला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. "कळेत वारेतलं रक्त अडतं, बाई. धडधाकट बाळाला त्याचं काही वाटत नाही. याच्याकडे शिल्लकच नव्हती. प्राणवायू कमी पडला की गर्भ हातापायांचं, आतड्यांचं रक्त आखडतो आणि मेंदूला, हृदयाला पुरवतो. ठोके संथ करतो. तेवढ्यावर तो बराच वेळ तग धरतो. मग हृदयच थकतं." त्यांनी केसपेपर मिटला. "वारच अशक्त होती. मी तेवढंच लिहिलंय. हेमाला आणखी सांगायची गरज नाही."

म्हणजे पहाटेपासून ते एवढंसं पोर काटकसर करत झगडत होतं, आणि नेमकं दमायचं तेव्हा त्याची आजी नळी बाजूला ठेवत होती. बाईंना रडू येईना. त्यात जावई संपतराव पाया पडायला वाकले. "आई, तुमी व्हता म्हणून हेमा तरी हाताला लागली."

तिसऱ्या दिवशी हेमाला दूध दाटलं. पिणारं कोणी नव्हतं. छाती बांधायला बाई जुन्या धोतराची पट्टी घेऊन आल्या. मागोमाग मथुराबाई, दवाखान्यातली आया, गरम पाणी ठेवून बाहेर गेली.

"आई," हेमा म्हणाली, "पुढच्या खेपेलाही तूच हवीस. त्या मशीनवर नाही माझा विश्वास."

गप्प राहिलं असतं तर लेक आपली राहिली असती. बाईंनी पट्टीची घडी केली, पुन्हा मोडली.

"पुढच्या खेपेला ते यंत्र काढू द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा म्हटलं तरी. बाळ दर कळेनंतर दमत होतं, हेमा. मी तेव्हा ऐकतच नव्हते. तू सावरलीस की मग ऐकायचे, तोवर तेही सावरलेलं असायचं. पट्टे ठेवले असते, तर कागदावर दिसलं असतं."

दुधाने हेमाचं पोलकं भिजत होतं.

"आणि मी काढ म्हटलं," ती म्हणाली.

"तू कळांनी बेजार होतीस. मी सिस्टर होते."

बाई पट्टी घेऊन पुढे झाल्या. हेमाने पदर छातीशी घट्ट ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मथुराबाईंना पाठव," ती म्हणाली.