बॅग उघडायची सुट्टी

शनिवारी सकाळपासून उत्तराचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. अमेरिकेत, अल्फारेटातल्या त्या टापटीप घरात ती उगाचच जिना चढत होती, उतरत होती, मध्येच थांबून स्वतःशीच हसत होती. मुलांची डॉक्टर म्हणून सारा जन्म दुसऱ्यांना "शांत बस हं बाळा" सांगण्यात गेला. आता निवृत्त झाल्यावर तिला स्वतःलाच शांत बसवेना. संध्याकाळी विमान होतं रेक्याविकचं!

आइसलँडची ही राजधानी म्हणजे आपल्या साताऱ्याएवढं गाव. उत्तराला तेच तर आवडलं होतं. पायी फिरावं, एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला गरम पाण्याचे हौद, त्यात गळ्यापर्यंत बुडून गावकरी गप्पा मारत बसतात म्हणे. सकाळी तिथूनच बसने धबधबा बघून यायचं, एखाद्या दिवशी बोटीतून देवमासे, आणि संध्याकाळी परत आपल्याच खोलीत. हे 'परत आपल्याच खोलीत' म्हणताना तिचा आवाज लहान मुलीसारखा व्हायचा.

नवऱ्याला, म्हणजे प्रतापला, हे अजिबात पटत नव्हतं. गडी रस्ते-पूल बांधणारा इंजिनिअर. बेटाभोवती गोल रस्ता आहे म्हटल्यावर त्याला तो पूर्ण केल्याशिवाय चैन कसं पडावं? उत्तराने गावात आठवड्याची खोली घेतली, तर पठ्ठ्याने बेटभर रोज रात्रीचं वेगळं हॉटेल बुक करून ठेवलं. महिनाभर दोघांची धुसफूस चालली होती. आज दुपारपर्यंत एक काहीतरी कॅन्सल करायचं होतं, आणि घरात अशा वेळी शेवटी कोणाचं खरं होतं हे उत्तराला चांगलं ठाऊक होतं.

"बाबा, आईचा प्लॅन फॉलो करा ना," सांता क्लाराहून मुलगी अंतरा फोनवर म्हणाली. "वन सिटी, नो पॅकिंग. सो रिलॅक्सिंग!"

"अगं, एवढ्या लांब जायचं आणि एकाच जागी बसायचं? ड्राइव्ह मी करतो, तुझ्या आईला काय त्रास आहे?" प्रताप म्हणाला.

"मला बॅग उघडायची आहे," उत्तरा म्हणाली. "पूर्ण. कपडे कपाटात लावायचे आहेत."

प्रताप हसला. त्याला ही नुसती सबब वाटली. अंतराने "ऑल द बेस्ट, आई!" म्हणून फोन ठेवला.

पण ते कारण खरंच होतं. इतक्या वर्षांत सुट्टी म्हणजे भारत. साताऱ्याला सासरी, मग नागपूरला माहेरी, मग नणंदेकडे, मग रुसू नये म्हणून मावससासूंकडे. प्रत्येक घरी बॅगेतलं वरचं वर काढायचं, त्यांच्यासाठी अमेरिकेहून आणलेलं त्यांना द्यायचं, उरलेलं दडपून पुढे निघायचं. स्वतःचे कपडे कायम तळाशी चुरगळलेले. कोणी प्रेमात कमी केलं नाही, पण एका ठिकाणी पाय पसरून बसल्याचं काही उत्तराला आठवत नव्हतं.

प्रतापने वजन करायला हातकाट्याला बॅग अडकवली आणि उचलता उचलता त्याचा चेहरा लाल झाला. "अगं, दगड भरलेस की काय? आठवड्यासाठी एवढं?"

"काहीतरीच! दोन स्वेटर आणि कोट तर आहे."

त्याने चेन उघडली. वरच बदामाची पाकिटं. त्याखाली पिस्ते, चॉकलेटच्या पिशव्या, हातापायांना लावायच्या क्रीमच्या बाटल्या, व्हिटॅमिनच्या गोळ्या. सगळं नेहमीसारखं टॉवेलात नीट गुंडाळलेलं.

"उत्तरा, तिथे आपलं कोण आहे?"

ती बघतच राहिली. गुरुवारी फोनवर बोलता बोलता बॅग भरली होती, हातांनी आपलं आपणच भरलं होतं. तिला हसू फुटलं. "अहो, मी आइसलँडला बदाम चाललेय घेऊन!" दोघंही पोट धरून हसले. मग प्रतापच्या हाताला गुडघ्याला लावायच्या मलमाची ट्यूब लागली, आणि त्याचं हसू थांबलं. ती त्याच्या आईसाठी असायची. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.

उत्तराच्या डोळ्यांतून पाणी आलं. "दर वेळी हीच आधी ठेवते मी," ती म्हणाली.

एकेक वस्तू बाहेर काढून प्रतापने पलंगावर ठेवली. शेवटी तळाशी उत्तराचे कपडे निघाले, चेपून कोपऱ्यात बसवलेले, आणि पोहण्याचा नवा पोशाख, लेबलसुद्धा न काढलेला. तो बराच वेळ तिथेच बघत राहिला. मग फोन उचलून दुसऱ्या खोलीत गेला.

चिडला असेल, उत्तराला वाटलं. आता नकाशा घेऊन येईल आणि गोल रस्ता पुन्हा सुरू होईल. मन घट्ट करून तिने डोळे पुसले.

तो आला तेव्हा नकाशा नव्हता. हातात तिच्या कपाटातले लाकडी हँगर होते, मावतील तेवढे.

"सगळी हॉटेलं कॅन्सल केली," तो म्हणाला. "आणि हे घे. तिथल्या कपाटात कमी पडले तर?"

उत्तराने ते हँगर बॅगेत ठेवले, सगळ्यांत वर.