गौरम्माचा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दिवाण आहे. अंगावर तपकिरी रेक्झिन, आत काथ्याची गादी. लातूरच्या ज्या सुताराने मला घडवलं, त्याने माझे चारी पाय पाणसळ लावून तपासले होते. दुखणाईत माणूस झोपणार आहे, दिवाण डुगडुगता कामा नये, असं तो म्हणाला होता. मी कधी डुगडुगलो नाही. वाकडा निघाला तो माझा मालक.

त्याचं नाव शेषेराव. तो रेकी शिकवायचा. रेकी म्हणजे दुखणाऱ्या अंगावर शांतपणे हात ठेवून दिलासा द्यायची पद्धत. तो स्वतः किती शिकला होता ते मला ठाऊक होतं. शनिवारी शिकायला गेला आणि सोमवारी दारावर 'मास्टर' अशी पाटी लावली.

गौरम्मा अंगणवाडीत सेविका होती. दोन वस्त्यांमधली वाट रोज पायी तुडवायची. तिला साखरेचा आजार होता आणि डाव्या तळपायाची जखम भरत नव्हती. धाकटी बहीण शिवकांता तिला घेऊन आली. पाटी मोठी, गर्दी मोठी, म्हणजे गुरूही मोठा असणार, एवढाच विचार तिने केला होता. आक्का बरी झाली की आपणही इथेच शिकायचं, असंही तिच्या मनात होतं.

गौरम्मा आठ वेळा आली. शेषेराव डोळे मिटून तिच्या अंगावर हात धरायचा. तिचा चेहरा त्याने कधी नीट पाहिला नाही. हात ठेवले की तिला बरं वाटायचं, हे मी खोटं सांगणार नाही. श्वास सावकाश व्हायचा, पाठ सैल पडायची. पण तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "एकवीस दिवस गोळ्या बंद. जखमेची पट्टीपण नको. ऊर्जेला काम करू द्या."

नंतर आली ती एकटी शिवकांता. पाय काळा पडला होता. नांदेडच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा कुठे आक्काचा जीव वाचला, असं तिने सांगितलं. शेषेराव चहा पीत होता.

"तुमची श्रद्धा कमी पडली," तो म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

शिवकांताने माझ्यावर हात टेकला होता. ती गेली तेव्हा रेक्झिनवर तिच्या नखांचे चार वण राहिले. त्या दिवसापासून तिचा सूड तो माझाही सूड झाला.

तीन वर्षांनी मोठा दुष्काळ पडला. लातूरला आगगाडीने पाणी येऊ लागलं, उदगीरला टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या. त्याच सुमारास उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी बोलवा उठली. नव्या जिल्ह्यातलं पहिलं रेकी केंद्र आपलंच, म्हणून शेषेरावाला घाई झाली. मला टेम्पोत घालून त्याने उदगीरच्या एका मंगल कार्यालयात शिबिर लावलं. पत्रकात छापलं होतं, दोन दिवसांत मास्टर व्हा. प्रात्यक्षिकासाठी आपला रुग्ण आणा.

रुग्ण आणला शिवकांताने.

सकाळी कुणी यायच्या आत दोघी रिक्षाने आल्या. गौरम्माला माझ्यावर निजवून शिवकांताने दोन टॉवेल गुंडाळले, डाव्या पायाच्या जागी ठेवले आणि वरून शाल पांघरली. कुबड्या पडद्यामागे गेल्या.

"मला भांडायचं न्हाई गं," गौरम्मा म्हणाली.

"मला भांडायचं हाय, आक्का. तू निस्ती पडून ऱ्हा."

चाळीस माणसं जमली. शेषेरावाने दोघींपैकी एकीलाही ओळखलं नाही. हे मला फार लागलं. त्याने डोळे मिटले आणि डोक्यापासून हात हवेत फिरवत तो खाली आला. टॉवेलांवर येऊन थांबला.

"इथं, डाव्या तळपायात अडथळा होता. आता मोकळा झालाय. मुंग्या आल्यासारखं वाटतंय ना, ताई?"

"कोणत्या पायात, सर?" गौरम्माने विचारलं.

"डाव्या."

शिवकांताने शाल ओढली. टॉवेल उलगडत फरशीवर पडले. मी मनात म्हणालो, आता बोल.

आणि तो बोललाच. पाय गेला तरी ऊर्जेचं शरीर तसंच राहतं, आपण त्यालाच हात लावला, असं तो पुढच्या रांगेला समजावू लागला. दोघातिघांनी मानही डोलावली. तेव्हा गौरम्मा हातांवर जोर देऊन उठून बसली.

"मग त्या पायानं मला अंगणवाडीपर्यंत चालवून दाखवा," ती म्हणाली. "तुमच्या सांगण्यानं गोळ्या सोडल्या, म्हणून गेला त्यो."

शिवकांताने सगळ्यांसमोर त्याला विचारलं, कोणाकडे शिकलात, किती दिवस शिकलात, हिच्या गोळ्या कोणी बंद केल्या. पहिल्या दोन्हींना त्याने बगल दिली, तिसऱ्यावर आठवत नाही म्हणाला. तिने पत्रक उलटं करून त्याच्यापुढे धरलं आणि आठवेल तेवढं लिहून द्यायला सांगितलं. दारात माणसं वाट अडवून उभी होती. त्याने कागद माझ्यावर ठेवून गोळ्या आपणच बंद करायला लावल्याची कबुली लिहिली आणि सही केली. मला फार बरं वाटलं.

लोक चपला घालून निघून गेले. तो मागच्या दाराने गेला आणि मला न्यायला पुन्हा आला नाही. शिवकांताने कागद पोलिसांत दिला, पण शेषेराव मोकळाच फिरला. पुढे देगलूर, निलंगा, जिथे त्याचं शिबिर लागलं तिथे दोघी बसने गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. कुबड्या दिसल्या की तो शिबिर आटोपतं घ्यायचा. शेवटी त्याची शिबिरं बंदच झाली.

मला दोघींनीच नेलं; आता मी गौरम्माच्या ओसरीत असतो. शिवकांता रेकी शिकली, पण यावेळी गुरू शोधायला तिने वर्ष घालवलं. नांदेडजवळ विष्णुपुरीला बसम्मा नावाच्या बाई शिकवतात. शिवकांता त्यांच्याकडे चार रविवार नुसती बघत बसली, जुन्या शिष्यांना तिने एकटं गाठून विचारलं. बसम्मांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं की डॉक्टरांचं औषध सोडायला सांगणाऱ्याला आपण शिकवत नाही, आणि पहिल्या पायरीलाच काही महिने लागतील. त्यानंतरच तिने नाव घातलं.

रोज संध्याकाळी ती आक्काच्या पाठीवर हात ठेवते. एकदा गौरम्माने विचारलं, राग गेला का.

"न्हाई," ती म्हणाली. "जाऊ पण देणार न्हाई." हात मात्र हलकेच होते.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी सांगणार नाही. कोणाकडे शिकायला बसाल किंवा कोणाच्या हाताखाली निजाल, तेव्हा आधी त्याची चौकशी करा. विचारायला लाजू नका. मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. शेषेरावाला मी माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.